ओढ्या-पऱ्यावर प्राणी-पक्षी मोजताय? या चुका टाळा

गेल्या थंडीत चिपळुणात आम्ही पाच-सहा जण दर रविवारी सकाळी सातला गोवळकोटच्या बाजूला, वाशिष्ठी नदीच्या खाडीवर पक्षी मोजत होतो. एका रविवारी चिखलावर बगळे, वंचक, तुतवार मिळून ५२. पुढच्या रविवारी ९. लगेच ग्रुपवर निकाल लागला, "पाण्यात कोणीतरी काहीतरी सोडलंय!" सोडलं कोणीच नव्हतं. भरती होती, चिखल पाण्याखाली होता.

भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. त्यामुळे सातच वाजता गेलात तरी एका रविवारी ओहोटी, पुढच्याला भरती. जुन्या लोकांना हे पाऊणकीने पाठ असतं: तिथीची पाऊणपट. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला किनाऱ्यावर सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत जरा उशिरा. तेव्हा पंधरवड्याने जा, नाहीतर ओहोटी धरून वेळ बदला. वाशिष्ठीत आणखी एक गोम आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज काढून सोडलेलं पाणी, इथेच येतं, पावसाचा थेंब नसतानाही पाणी चढतं. पुलाच्या खांबावर एक खूण ठरवा आणि पाणी तिच्या वर की खाली, हे प्रत्येक वेळी लिहा.

"आज काहीच नव्हतं, म्हणून नोंद केली नाही," हे तर नेहमीचंच. अर्धा तास उभं राहून खंड्या दिसला नाही, हीसुद्धा नोंदच. ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं अ‍ॅप 'ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का', असं विचारतं ते उगाच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदींचं अ‍ॅप) चढवू नका. त्यातली मूळ वेळ आणि जागा गळून पडलेली असते. मूळ फोटोच मागा.

दगडावर माशांचे खवले, कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा दिसली तर पाणमांजराची असू शकते. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, आकार कळतो. ठसा असेल तरी तेच. पण जागा जाहीर करू नका. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करता येतं, मग नकाशावर सुमारे २२ किलोमीटरचा चौकोनच दिसतो.

आणि जाळी घेऊन पाण्यात उतरायची हौस आवरा. पायाला चीर असली तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती, विशेषतः पावसाळ्यात. शिवाय वाशिष्ठीत मगरी आहेत, त्यांची मोजणी काठावरून केलेलीच बरी.