व्हिनाइलचा मास्क पुन्हा रंगवताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत आमच्या गल्लीतल्या एका गराज सेलमध्ये तीन डॉलरला चेटकिणीचा जुना मास्क मिळाला. नाकावरचा हिरवा रंग उडालेला, गालांवर कुणीतरी हौसेने तपकिरी पट्टे ओढलेले. म्हटलं, शनिवार-रविवारात होऊन जाईल. प्रत्यक्षात ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी तो घालून मुलीबरोबर कँडी मागत फिरलो, तेव्हाही कपाळ चिकटच होतं आणि टोपीची काळी लव त्यावर घट्ट बसली होती.

चूक सवयीची होती. लहानपणी गणपतीच्या मूर्ती रंगवलेल्या. शाडू किंवा प्लास्टर रंग पिऊन घेतं. व्हिनाइल काहीच पीत नाही, उलट आतून तेल बाहेर टाकतं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, तेच नळाच्या पाइपचं. मास्क मऊ होतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे, आणि हे तेल वर्षानुवर्षं हळूहळू वर येत राहतं. साधा एनॅमल स्प्रे मारला की ते रंगात शिरतं आणि रंग कधीच पुरता वाळत नाही. मी आठवडाभर वाट पाहिली, हेअर ड्रायर फिरवला, टाल्कम पावडरही थापली. काही उपयोग नाही. असा रंग काढूनच टाकावा लागतो.

पण काढण्याआधी हातात काय आहे ते बघा. लेटेक्स ताणला की रबरासारखा लांबतो, त्याला रबराचाच वास येतो. व्हिनाइल फारसं ताणलं जात नाही, वास नव्या शॉवर कर्टनसारखा. आणि जुन्या दुकानी पोशाखांबरोबर येणारे, मागे इलॅस्टिक लावलेले पातळ कडक मास्क बहुधा पॉलिस्टायरिनचे असतात. त्यांवर अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रव) पडलं तर रंगाबरोबर चेटकिणीचं नाकही विरघळेल.

व्हिनाइलवर सुरुवात भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने करा. सुरकुत्यांमध्ये जुना टूथब्रश फिरवा. मग औषधाच्या दुकानात मिळणारं ९१ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. घरी मारलेला अ‍ॅक्रिलिक रंग त्याने मऊ पडून सुटतो. माझ्या मास्कवरचे तपकिरी पट्टे पाच मिनिटांत गेले. कंपनीचा रंग मात्र अनेकदा दाद देत नाही. तिथे अ‍ॅसिटोन चालतं, पण कापसाच्या बोळ्यावर घेऊन, पुसून लगेच हात काढायचा. आधी मानेच्या आतल्या कडेला करून बघा. बादलीत भिजत घालणं ही सगळ्यांत महाग चूक: व्हिनाइल फुगतं, प्लास्टिसायझर निघून जातो आणि वाळल्यावर मास्क आखडतो, पातळ कडांना चिरा पडतात. रंगीत, सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यातलं तेल मागे राहतं. खिडक्या उघडा, हातमोजे घाला. दोन्ही द्रव पेट घेतात, तेव्हा शेगडीजवळ किंवा देवघरात दिवा तेवत असताना हे काम नको.

कान किंवा हनुवटी चेपली असेल तर तीही याच वेळी सरळ करा. ड्रायरने व्हिनाइल ऊबदार होऊन नरम पडलं की बोटांनी आकार द्या आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवा.

आता रंग. गाडीच्या सीटसाठी मिळणारा व्हिनाइलचा स्प्रे बेस म्हणून चांगला. तो मऊ पृष्ठभागाबरोबर वाकतो. त्यावर अ‍ॅक्रिलिक, पण पातळ. मास्क घालताना जबडा आणि मान वाकते, जाड थर तिथेच तडकतो. एका जाड हातापेक्षा चार पातळ हात बरे. सुरकुत्यांत पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग सोडायचा आणि उंचवट्यांवरून लगेच पुसून घ्यायचा. एवढं केलं की निम्मा मास्क जिवंत होतो. केस असतील तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टेप लावा. मी लावली नव्हती. चेटकिणीच्या बटा अजून हिरव्या आहेत.

रंगावर मारलेल्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या वार्निशवर धुरकट पांढरी छटा आली तर दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. ऑक्टोबरच्या थंड, दमट गराजमध्ये स्प्रे करू नका. बऱ्याच डब्यांवर किमान तापमान सुमारे १० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. डोळ्यांवर आणि दातांवर शेवटी ग्लॉसचा एक हात द्या, ओले वाटतात. आतल्या बाजूला काहीही मारू नका, तिथे तुमचा चेहरा असतो.

सगळं झाल्यावर मी आणखी एक घोळ घातला. आकार टिकावा म्हणून मास्क थर्माकोलच्या डोक्यावर चढवून पोटमाळ्यावर ठेवला. उन्हाळ्यानंतर काढायला गेलो तर आतून चिकटलेला. तेच तेल थर्माकोल खात होतं. वर्तमानपत्राचे बोळेही भरू नका, त्याची शाई व्हिनाइलमध्ये उतरते आणि मग कशानेच निघत नाही. कोरा पांढरा कागद भरा, नाहीतर जुना सुती पंचा.