ओट्यावर लिंबू घासण्याआधी: घरगुती सफाईतल्या या चुका टाळा

जे पोटाला चालतं ते फरशीला बाधणार नाही, असं धरून लिंबू, चिंच, सोडा सगळीकडे वापरला जातो आणि चांगल्या वस्तू त्यातच खराब होतात. आधी डाग ओळखा. पाण्याच्या क्षाराचा असेल तर आंबट लावावं लागतं, तेलाचा असेल तर सोडा लावावा लागतो. मग डागाखाली काय आहे ते बघा. बहुतेक चुका याच दुसऱ्या पायरीवर होतात.

आंबट आणि दगडाचं वैर

मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते वाळलं की नळाखाली, बादलीवर, ओट्याच्या कडेला पांढरा थर धरतो. हा थर चुन्याचा, म्हणून आंबटाने विरघळतो. पण आपल्याकडची शहाबादी फरशी आणि ओट्याचा काळा कडप्पा हेही चुनखडीचेच दगड. थर कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला, हे लिंबाला कळत नाही. ते दोन्ही खातं.

कडप्प्यावर लिंबाची फोड पाच-दहा मिनिटं राहिली तरी तिथे फिकट, निस्तेज ठसा उमटतो. तो डाग समजून वर आणखी लिंबू चोळलं जातं आणि ठसा वाढतो. तिथली झिलई गेलेली असते. कितीही धुतलं तरी ती परत येत नाही, दगडाला पुन्हा पॉलिशच करून घ्यावं लागतं. खात्री करायची तर नख फिरवा. वर आलेलं, खरखरीत लागलं तर क्षार आहे. सपाट किंवा किंचित खोल लागलं तर दगड खाल्ला गेलाय. संगमरवर आणि मोझॅक फरशीलाही हाच नियम. ग्रॅनाइट बराच टिकाव धरतो.

या दगडांना रिठ्याचं पाणी उत्तम. बिया काढलेले 8-10 रिठे 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 10 मिनिटं उकळून गाळा. साबणाचा जड पाण्यात साका होतो, रिठ्याचा तसा होत नाही. हे पाणी दोन-तीन दिवसांत संपवा, नंतर ते आंबूस होतं. दगडावर क्षाराचा जाड थर असेल तर ओलं फडकं अर्धा तास ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आडवं खरवडा. वेळ लागतो, पण दगड वाचतो.

स्टीलच्या बादल्या आणि नळांना मात्र आंबट चालतं. 1 कप पाण्यात 1 चमचा लिंबू फूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, 15-20 मिनिटांनी काढा, धुवा, कोरडं पुसा. रात्रभर ठेवलं तर नळाचा चकचकीत मुलामा उडतो. आणि खाली ओटा कडप्प्याचा असेल तर आधी परात ठेवा. थेंब पडतातच.

तेलाच्या चिकट्याला लिंबू का लागू पडत नाही

करडईचं तेल हवेत सुकून घट्ट होणारं तेल आहे. फोडणीचा धूर मांडणीवर, डब्यांच्या झाकणांवर बसतो आणि काही महिन्यांत त्याचा पिवळा, चिवट पापुद्रा होतो. 1 लिटर गरम पाण्यात 2 मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. खाण्याचा सोडा इथे कमी पडतो. हातमोजे घाला, फडकं 10 मिनिटं लावून ठेवा, मग घासा. ॲल्युमिनियमला हे पाणी लावू नका, ते काळं पडतं. रंगवलेल्या फळीवर आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. फेस जोरदार येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास नुसतं खारट पाणी. मोरीचा पाइप तुंबला तर सोड्याचं गरम पाणी एकटंच ओता. पाइप पीव्हीसीचा असेल तर पाणी उकळतं नको, तो मऊ पडतो.

टीसीएल आणि आंबट: ही चूक जिवावर बेतते

टाकीसाठी आणलेली टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर किंवा ब्लीच यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडासाचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत भरतो. एक वापरून झाल्यावर दुसरं त्याच दिवशी, त्याच जागी नकोच. चुकून झालंच तर तसंच सोडून मोकळ्या हवेत या. खोकला थांबत नसेल, दम लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

भांडी

पितळेला लिंबाएवढी चिंच, अर्धा कप कोमट पाणी, 1 चमचा मीठ. दोन-तीन मिनिटं चोळा, धुवा, ताबडतोब पुसा. चिंच लावून भांडं तसंच ठेवलं तर पितळातलं जस्त निघून तांबूस डाग पडतात. पातेल्याला आतून कलई असेल तर चिंच-मीठ फक्त बाहेरून.

भाकरीच्या लोखंडी तव्याला आंबट लावूच नका. तेल मुरून बसलेला काळा थर जातो आणि भाकरी चिकटायला लागते. जळकं जाड मिठाने कोरडंच घासा. कुकर आतून काळा पडला असेल तर तिथे मात्र आंबटच हवं: लिंबाच्या साली टाकून पाणी 10 मिनिटं उकळा.

कुलर

प्लॅस्टिकच्या टाकीतला क्षार लिंबू फुलाने निघतो, 1 लिटर पाण्याला 20 ग्रॅम, अर्धा तास. पत्र्याच्या कुलरला हे करू नका. जस्ताचा मुलामा गेला की त्याच उन्हाळ्यात गंज धरतो. त्याला ओल्या काथ्याने घासा. भरीला पाणी ओतत राहिलं तर तळाशी क्षार साठतच जातो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. ते पाणी कुंड्यांना घालू नका. संडासात ओता, म्हणजे टंचाईत तेही वाया जात नाही.