पेटीमागचा पैसा कसा शोधावा

रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे बसले. चाकरमान्यांच्या पैशाने घरोघरच्या ठेवी फुगायच्या. कर्ज मागायला मात्र क्वचितच कुणी यायचं. पुतण्याने प्रबंधासाठी विचारलं, "आत्या, आपल्या जिल्ह्याची वाढ मोजू कशी?" त्याला सांगितलं तेच इथे लिहिते.

जिल्हा उत्पन्नाचा आकडा आधी घे, पण त्यावर विसंबू नकोस. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय तो काढतं. त्यात जिल्ह्यात निर्माण झालेलं उत्पन्न धरतात; लालबागला कमावून गावी धाडलेला पैसा त्यात येतच नाही. शिवाय काही क्षेत्रांचा राज्याचा एकूण आकडाच ठोकताळ्याने जिल्ह्यांत वाटलेला असतो. तुलना स्थिर किमतींवरच, म्हणजे महागाई वगळून कर. 2004-05 आणि 2011-12 या पायाभूत वर्षांच्या (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब करतात) मालिका थेट जोडू नकोस.

मग रिझर्व्ह बँकेची जिल्हावार तिमाही आकडेवारी. कर्जाला ठेवींनी भाग, शंभराने गुण. हे गुणोत्तर कमी दिसलं, तर इथली बचत दुसरीकडे कामाला लागलीय असा संशय घ्यावा. संशयच, कारण कर्ज मंजूर झालं एका जिल्ह्यात आणि वापरलं दुसऱ्यात, असं सर्रास होतं. आणि हे आकडे व्यापारी बँकांचे. पतपेढ्या त्यात नाहीत. कोकणात पतपेढ्या सोडून हिशेब करणं म्हणजे नारळ सोडून सोलकढी. त्यांचे वार्षिक अहवाल स्वतः जाऊन मागायचे.

जनगणनाही बघ. 2011 साली जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, आणि लोकसंख्या 2001 पेक्षा घटलेली. पुरुष कुठे आहेत, हे वेगळं सांगायला नको.

खरी मजा आंब्याच्या पेटीत. एका बागायतदाराची वाशीच्या दलालाकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, घे आणि वहीत दोन रकाने आख: 'तालुक्यात राहिले' आणि 'बाहेर गेले'. गाडीभाडं, हमाली, दलाली, खोकी, फवारणी, तोडणी, राखण, सगळं उतरव. पुतण्याने औषधाचा अख्खा खर्च पहिल्या रकान्यात टाकला, का तर दुकान गावातलं! अरे, गावात राहिला तो दुकानदाराचा नफा. बाकीचे पैसे कंपनीकडे गेले. राखणीला नेपाळी गडी असेल, तर त्याच्या मजुरीतला बराचसा भाग नेपाळला जातो. किती, ते त्यालाच विचार.

शंभरातले चाळीस दर फेरीला गावातच फिरत राहिले, तर शंभर रुपयांतून गावात एकूण सुमारे 167 रुपयांचं उत्पन्न होतं (100 भागिले 0.6). वीसच राहिले, तर 125. हा ढोबळ हिशेब आहे, पण प्रक्रिया उद्योग इथे असणं आणि नसणं यातला फरक त्यातून दिसतो.

दलालाची उचल वेगळ्या पानावर लिही. मोसमाआधी घेतलेला हा पैसा बँकेच्या आकड्यांत नसतो, पण माल कुणाला जाणार हे त्यावरच ठरतं.

एप्रिल-मेमध्ये बागेत जाऊ नकोस, कुणी उभं करणार नाही. पावसात जा, पडवीत चहा मिळेल. आणि "किती कमावलंत?" असं विचारू नकोस; "यंदा उचल कुणाकडून घेतलीत?" असं विचार.