क्रायो-एसईएममध्ये स्लरी पाहताना या चुका टाळा

अ‍ॅल्युमिनाच्या स्लरीत (पाण्यात कालवलेल्या सिरॅमिक पुडीत) कण सुटे आहेत की गुठळ्या झाल्यात, हे ती वाळवून कळत नाही. पाणी उडतानाच कण एकमेकांकडे ओढले जातात. म्हणून स्लरी गोठवायची, गोठलेलीच मोडायची आणि तो मोडलेला पृष्ठभाग क्रायो-एसईएममध्ये, म्हणजे गोठलेलं सॅम्पल पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, पाहायचा. पण स्क्रीनवर कणांची सुबक जाळी दिसली की आधी शंका घ्या. ती बहुतेकदा बर्फाने केलेली असते.

बर्फाचा स्फटिक वाढताना कणांना सहसा आत घेत नाही, बाजूला ढकलतो; ते दोन स्फटिकांच्या मध्ये भिंतीसारखे साचतात. (फ्रीझ कास्टिंगवाले सच्छिद्र सिरॅमिकसाठी हेच मुद्दाम घडवून आणतात.) खूण सोपी आहे: थेंबाच्या कडेपासून आत जावं तसं भिंतींमधलं अंतर वाढत जातं. त्यामुळे फोटो कडेचा आणि पोटातला, दोन्ही घ्या. कडेला कण विखुरलेले आणि पोटात जाळी असेल, तर पोटातल्या फोटोवर विसंबू नका.

मूळ चूक बहुधा मोठ्या थेंबाची. तो -196 अंशांच्या उकळत्या लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकला की भोवती वायूचा थर धरतो, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसाच, आणि थंडावा आत पोचायला वेळ लागतो. व्हॅक्यूम लावून नायट्रोजनचा स्लश (अर्धवट गोठलेला लगदा) करा, तो -210 च्या आसपास असतो. थेंब शक्य तितका लहान घ्या. इतकं करूनही स्फटिक न होता गोठतो तो वरचा काही मायक्रॉनचाच थर. हाय-प्रेशर फ्रीझिंगने ही खोली साधारण 200 मायक्रॉनपर्यंत जाते. ग्लिसरॉल घालून बर्फ आवरतो खरा, पण मग तुम्ही दुसरीच स्लरी पाहत असता.

कण उघडे पाडायला -95 अंशांच्या आसपास व्हॅक्यूममध्ये थोडा बर्फ उडवतात, म्हणजे पाणी न होता त्याची थेट वाफ करतात. इथे घाई नको. जास्त उडाला की आधार गेलेले कण कोसळतात आणि गुठळ्या असल्याचा भास होतो. बर्फ न उडवता पहिला फोटो घ्या, मग एकेका मिनिटाने त्याच जागेचे.

पृष्ठभागावर नुसते बसलेले, कशातही न रुतलेले गोळे म्हणजे बाहेरून आलेलं दव. मुंबईच्या पावसाळ्यात ते हमखास येतं. अशा वेळी सॅम्पल गरम करत बसू नका, चेंबरमध्येच पुन्हा मोडा.

पृष्ठभागावर विद्युतभार साचून चित्र सरकत असेल तर इलेक्ट्रॉन झोताचं व्होल्टेज 2 केव्हीपर्यंत उतरवा, प्लॅटिनमचा थर तपासा. तरीही सरकलं तर सॅम्पल स्टबवर (त्याच्या धातूच्या बैठकीवर) घट्ट बसलेलं नाही.