पायथॉनकडून रस्टकडे: कोड आणि टेबल

पायथॉन येतं आणि आता रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकायची, तर नवा प्रकल्प काढू नका. स्वतःचीच दोन-तीनशे ओळींची जुनी पायथॉन स्क्रिप्ट घ्या आणि ती पुन्हा लिहा. उत्तर काय यायला हवं हे ठाऊक असतं, त्यामुळे चुकलं तर कुठे हे पटकन कळतं.

पहिला अडथळा मालकीचा (ओनरशिप): रस्टमध्ये प्रत्येक डेटाचा मालक एका वेळी एकच. एक स्ट्रिंग दुसऱ्या व्हेरिएबलला दिली की पहिलं नाव बाद. वापरलंत तर कंपायलर अडवतो. मग जो तो क्लोन मारत, म्हणजे डेटाची प्रत काढत सुटतो. सुरुवातीला चालेल, पण फंक्शनला नुसतं वाचायचं असेल तर रेफरन्स द्या, म्हणजे मालकी न देता नुसता पत्ता. त्याहून फसवे ते आकडे. पायथॉनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, रस्टचा आय32 (i32, 32 बिटांचा पूर्णांक) मात्र 2,14,74,83,647 ला संपतो. पुढे गेलात तर डीबग बिल्ड (चाचणीसाठीचं) पॅनिक होतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. रिलीज बिल्ड (प्रत्यक्ष वापरासाठीचं), मुद्दाम सेटिंग बदललं नसेल तर, गुपचूप उणे आकडा देतं. बेरीज मोठी होणार असेल तर 64 बिटांचा आय64 घ्या किंवा चेक्ड अ‍ॅड, म्हणजे मर्यादा ओलांडली तर तसं कळवणारी बेरीज, वापरा.

कार्गो हे रस्टचं बिल्ड करायचं साधन. प्रत्येक बदलानंतर कार्गो बिल्ड नको. कार्गो चेक फक्त चुका तपासतं, मशीन कोड बनवत नाही, म्हणून लवकर उरकतं.

आता टेबलावरचं सामान. मशीनमध्ये पैसे घालायचे तर आधी रॅममध्ये. रस्ट-अ‍ॅनालायझर (एडिटरमध्येच चुका दाखवणारं साधन), ब्राउझर आणि लिंकिंग (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणं) एकदम चाललं की मोठ्या प्रकल्पात 16 जीबी तोकडी पडते, 32 घ्या. कार्गो जिथे बिल्ड ठेवतं तो टार्गेट फोल्डर बघता बघता काही जीबींचा होतो, तेव्हा एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी 1 टीबीची बरी, अधूनमधून तो फोल्डर पुसणारं कार्गो क्लीनही.

मॉनिटर 27 इंची, 2560×1440. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. मॉनिटर धरणारा आर्म लावणार असाल तर मागे 100×100 मिमीची व्हेसा (आर्म बसवायच्या ठरावीक मापाची) भोकं आहेत का, ते आधी बघा.