जिगचा स्कर्ट रबरी कड्याने नको, तारेने बांधा

घरी ओतलेल्या जिगवर (शिशाचं डोकं असलेला मासेमारीचा गळ) स्कर्ट, म्हणजे गळ झाकणारा सिलिकॉनच्या पट्ट्यांचा झुपका, बसवताना बहुतेक जण तयार रबरी कडं वापरतात. पटकन होतं, पण उन्हाने रबर तडकतं आणि माशाने शेपटाकडून ओढलं की सगळा झुपका गळाच्या वाकापर्यंत घसरतो. त्यापेक्षा बारीक तांब्याची तार घ्या. जुन्या मोटरच्या वाइंडिंगची चालते, फुकटात मिळते.

जिग व्हाइसमध्ये (घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) पकडा. शिशाच्या डोक्यामागच्या मानेवर तारेचे दोन सैल वेढे द्या. सिलिकॉनच्या पट्ट्या चारी बाजूंनी त्याखाली सरकवा, मध्यभाग तारेखाली येईल अशा. आता पक्कडने टोकं धरून ओढा आणि पीळ द्या. इथेच घाई नडते: जास्त आवळलं तर तार सिलिकॉन कापते, आणि पाण्यात दोन-चार फेकींत अर्धा स्कर्ट गायब. पट्टी किंचित चेपली, की थांबा. पिळाचं टोक कापून शिशाला चिकटवून दाबा, नाहीतर बोटात घुसतं (माझ्या घुसलंय).

पट्टीतले धागे टोकांना जोडलेले असतात; त्या जोडलेल्या कडा सगळ्यात शेवटी कापा. आधी कापल्यात तर सुटे धागे सावरताना वैतागाल. लांबी गळाच्या वाकापलीकडे बोटभर ठेवा.