मराठवाड्यातल्या बाजारात दाढीचं पारंपरिक सामान स्वस्तात कसं मिळवावं

साधं दोधारी ब्लेड, ते बसेल असं रेझर, ब्रश, क्रीम किंवा साबण आणि तुरटीचा खडा. जुन्या पद्धतीच्या दाढीला एवढंच सामान लागतं. मराठवाड्यात कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि बऱ्याचशा तालुक्यांच्या गावीही, हे सगळं बाजाराच्या एका फेरीत जमतं. फक्त ते सगळं एका दुकानात मिळत नाही आणि समोरच्या काचेत मांडलेलंही नसतं. कोणत्या वस्तूसाठी कोणत्या दुकानाची पायरी चढायची, हे कळलं की काम सोपं आहे.

आधी हिशेब पाहू. नव्या पद्धतीच्या रेझरवर बसवायच्या कार्ट्रिजचं तीन पात्यांचं एक डोकं बऱ्याचदा शंभर रुपयांच्या पुढे जातं. साधं ब्लेड दोन ते पाच रुपयांना पडतं आणि त्यावर चार-पाच दाढ्या होतात. म्हणजे एका दाढीमागे ब्लेडचा खर्च रुपयाच्या आसपास. रोज दाढी करणाऱ्या शिक्षकाला, एसटीच्या वाहकाला वर्षाकाठी हा फरक चांगलाच जाणवतो. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांना तर अधिकच.

चौकशीची सुरुवात सलूनमधून करा

आजकाल बहुतेक सलूनमधला वस्तरा म्हणजे एक मूठ आणि तिच्यात अडकवलेलं अर्धं ब्लेड. कागदासकट ब्लेड मधोमध मोडायचं, एक अर्धं या गिऱ्हाइकाला, दुसरं अर्धं पुढच्याला. राज्यभरातल्या सलूनना असं ब्लेड रोज लागतं, म्हणून ते अजून स्वस्त आहे आणि वाडी-तांड्यावरच्या टपरीतही मिळतं. रेझरचं तसं नाही. ते एकदा घेतलं की वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे त्याचा खप थोडा आणि दुकानदार ते ठेवायला नाखूश. तेव्हा शोध घ्यायचा तो रेझरचा. बाकीचं सामान वाटेत मिळत जातं.

तुमच्या नेहमीच्या सलूनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी जा. रविवारी सकाळी नको, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला उसंत नसते. सरळ विचारा, "दादा, तुम्ही सामान कुठून भरता?" जवळपास प्रत्येक मोठ्या गावात सलून आणि ब्युटी पार्लरच्या साहित्याचं एखादं तरी दुकान असतं. कैच्या, कंगवे, केप, स्प्रेच्या बाटल्या, केसांचे रंग, ब्लेडचे बॉक्स असा सगळा माल तिथे असतो. पाटी लहान असते, दुकान बऱ्याचदा गल्लीत किंवा पहिल्या मजल्यावर असतं, त्यामुळे रस्त्यावरून जाताना ते दिसत नाही. कारागिरांना मात्र ते तोंडपाठ असतं. अनेक ठिकाणी सोमवारी सलून बंद असतं आणि कारागीर त्या दिवशी माल भरून घेतात. आपण मंगळवार-बुधवार गाठावा, दुकानदाराला बोलायला सवड मिळते.

कुणीच माहिती देणारं नसेल तर जुन्या बाजारपेठेत पायी फिरा. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, सिटी चौक, शहागंज हा भाग, नांदेडात वजिराबाद, लातुरात गंजगोलाई. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि एकेका रस्त्याला एकेका मालाची दुकानं दाटलेली आहेत, तेव्हा कटलरी-जनरलची ओळ कोणती हे आधी विचारून घेतलेलं बरं. परभणी, बीड, जालना, धाराशिव, हिंगोली इथेही नव्या वसाहतीतल्या चकचकीत दुकानांपेक्षा मुख्य बाजारातलं तीस-चाळीस वर्षांचं कटलरी किंवा जनरल स्टोअर तुमच्या जास्त कामाचं.

रेझर घेताना

दुकानात "रेझर द्या" म्हटलं की पुढ्यात वापरून फेकायची रेझरं येतात. म्हणून "साधं ब्लेड घालतात ते, धातूचं" असं सांगा. काउंटरवर नसेल तर मागच्या फळीवर बघायला सांगा. जुन्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत रेझर, छोटा आरसा आणि ब्रश असा संच पडून असतो. धूळ बसलेली असली तरी वस्तू कोरी असते.

दोन प्रकार भेटतील. एक, तीन तुकड्यांचं: वरची टोपी, मधली पट्टी आणि मूठ. दुसरं, मुठीचं खालचं टोक फिरवलं की वरची दोन झाकणं उघडणारं. नव्या माणसाने तीन तुकड्यांचं घ्यावं. त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि धुवायला सोपं. साधं रेझर साधारण शंभर ते दोनशे रुपयांत मिळून जातं. यात पैसे वाचवायला अगदी हलकी वस्तू उचलू नका, कारण सगळ्या संचात ब्लेड नीट धरून ठेवणारी ही एकच गोष्ट आहे.

पैसे देण्याआधी दुकानातच एक ब्लेड बसवून बघा. रेझर डोळ्यांसमोर आडवं धरा. दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर आलेलं हवं. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसलं की ते रेझर गाल कापणार. काही वेळा ब्लेड तिरकं बसलेलं असतं, म्हणून सैल करून एकदा पुन्हा बसवा. तरीही तिरकं राहिलं तर दुसरं मागा. आटे गुळगुळीत फिरतात का, टोपीच्या कडेला चकाकीचा पापुद्रा सुटलाय का, हेही बघा.

बाजारात जाण्याआधी घरची जुनी पेटी मात्र जरूर उघडा. आजोबांचं पितळी रेझर तिच्यात निघण्याची शक्यता बरीच असते आणि त्या वेळची वस्तू आजच्या स्वस्त मालापेक्षा कितीतरी भक्कम आहे. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन खाचा घासा. सगळं धातूचंच असेल तर पाण्यात उकळून घ्या. चिंच किंवा लिंबू लावून तासन्‌तास ठेवू नका, वरचा मुलामा उतरतो. आत जुनं ब्लेड असेल तर ते गंजलं नसलं तरी वापरायचं नाही.

ब्लेड: आधी पाकीट, मग बॉक्स

टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, सुपरमॅक्स, लेझर ही नावं किराण्याच्या दुकानात पुठ्ठ्यावर लटकलेली दिसतात. एका पाकिटात पाच ब्लेडं. कोणतं चांगलं, याचं एकच उत्तर नाही. एकाच्या राठ दाढीला जे ब्लेड झकास चालतं, तेच दुसऱ्याच्या कोवळ्या गालाला बोचतं. म्हणून तीन-चार कंपन्यांचं एकेक पाकीट घ्या आणि एक संपल्यावर दुसरं वापरा. रेझर, क्रीम, पाणी तेच ठेवा, म्हणजे फरक ब्लेडचाच आहे हे कळेल.

एक पसंत पडलं की सलून साहित्याच्या दुकानात जाऊन बॉक्स मागा. कारागिरांसाठी ठेवलेला ठोक माल ते सुट्या गिऱ्हाइकालाही देतात. सुट्या पाकिटाच्या छापील किमतीपेक्षा बॉक्सचा भाव उतरतो, आणि रोज दाढी करणाऱ्याला शंभर ब्लेडं वर्षभर सहज पुरतात. भाव करायला लाजू नका, पण दोन दुकानं विचारून मग करा. नावाजलेल्या ब्लेडची नक्कल बाजारात येते. छपाई फिकट, अक्षरं पुसट, कंपनीचा पत्ता किंवा महिना-वर्ष गायब, आणि भाव इतरांपेक्षा फारच खाली, असा बॉक्स घेऊ नका. आठवडी बाजारात चादरीवर मांडलेला माल घेताना हे जास्त सांभाळा.

क्रीम, साबण आणि आपलं पाणी

क्रीमसाठी फार हिंडावं लागत नाही. गोदरेज, पामोलिव्ह, व्ही-जॉन यांच्या ट्यूब कोणत्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतात. ट्यूब केवढी दिसते याकडे लक्ष देऊ नका, वजन बघा. पाकिटावर एमआरपीसोबत प्रति ग्रॅम दर छापलेला असतो, दोन ट्यूबांची तुलना त्यावरून करा. शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेव्हवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छपाईचा माल हातात आला तर नव्या दराने किंमत लावली आहे ना, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. फोमचा डबा लवकर संपतो. हातात ब्रश असताना त्याची गरजच नाही.

मराठवाड्यात खरी अडचण येते ती पाण्याची. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होतो आणि माणूस उगाच क्रीमला दोष देतो. अशा पाण्यात दाढीच्या साबणाच्या वडीपेक्षा क्रीम बरं चालतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे फेस करण्यापुरतं अर्धी वाटी पाणी पिण्याच्या जारचं किंवा आरओचं घ्यायचं. चेहरा आणि रेझर धुवायला बोअरचंच चालेल. मेडिकलमधून ग्लिसरीनची लहान बाटली आणून फेसात दोन थेंब टाकले तर उन्हाळ्यात फेस गालावर वाळत नाही. ब्रश भिजवून झटका, बदामाएवढं क्रीम घ्या आणि फेस दह्यासारखा घट्ट होईपर्यंत फिरवा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं.

ही दाढी एका मगात होते, हे मला फार मोलाचं वाटतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या मुलखात नळ सोडून दाढी करण्याची सवय कुणीच लावून घेऊ नये. मगातल्या पाण्यात रेझर खळबळायचं, तेवढं पुरतं.

ब्रश

साधा ब्रश पन्नास ते दीडशे रुपयांत मिळतो आणि सुरुवातीला तोच घ्यावा. केस ओढून बघा, दोन-चारपेक्षा जास्त हातात आले तर परत ठेवा. ब्रशचे केस नायलॉनचे असतात तसेच डुकराचेही असतात, आणि अनेक घरांत हे चालत नाही. वेष्टनावर लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा. घरी आणल्यावरही शंका असेल तर एक गळालेला केस जाळून बघा. नायलॉन वितळून त्याची गोळी होते, खरा केस जळका वास सोडून राख होतो. वापरून झाल्यावर ब्रश झटकून उघड्यावर वाळवा. ओला ब्रश डबीत बंद केला की कुबट वास धरतो.

तुरटी

किराणा दुकानात दहा-वीस रुपयांची तुरटी घ्या, खूप दिवस पुरते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात तीच. सलूनच्या दुकानात घासून गुळगुळीत केलेली वडी मिळते, तिला थोडे जास्त पैसे पडतात. किराण्यातल्या खड्याला टोकं असतात, तेव्हा वाहत्या पाण्याऐवजी वाटीत पाणी घेऊन एक बाजू ओल्या फरशीच्या तुकड्यावर घासून सपाट करा. दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावर हलकी फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि धुऊन टाका. कातडी आवळते, बारीक ओरखड्यातलं रक्त थांबतं. जिथे जास्त झोंबेल तिथे तुमचा हात जड पडलाय, ती जागा लक्षात ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तुरटीनंतर खोबरेल तेलाचा एक थेंब लावा, नाहीतर गाल तडतडतात. तुरटीने जंतूंचा पुरता नाश होत नाही. रेझर-ब्लेड घरातल्या घरातसुद्धा एकमेकांचं वापरू नका. कावीळ ब आणि क, एचआयव्ही असे आजार रक्तातून पसरतात.

पहिली दाढी

अंघोळीनंतर करा, केस मऊ झालेले असतात. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरा आणि त्याच्या वजनानेच चालू द्या, वरून दाबू नका. कार्ट्रिजची सवय असलेला हात नेमका इथे दाबतो. पहिले आठ-दहा दिवस केसांच्या दिशेनेच, सुलटा हात. हनुवटीखाली आणि गळ्यावर केसांची दिशा बदलते, ती आधी बोटाने चाचपून घ्या. उलटा हात नंतर, सवय झाल्यावर.

ब्लेडची धार पुसू नका. रेझर सैल करून धुवा आणि झटकून ठेवा. जड पाण्याचे पांढरे डाग धरले तर पातळ व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं ठेवून लगेच धुवा.

वापरलेलं ब्लेड कचऱ्यात किंवा उकिरड्यावर सुटं टाकू नका. घंटागाडीवर कचरा हातांनी निवडणारी माणसं असतात आणि उकिरड्यावर गाई-म्हशी तोंड घालतात. पत्र्याचा बंद डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी फट पाडा आणि आत टाकत राहा. वर्ष-दोन वर्षांनी डबा भरला की फट चिकटपट्टीने बंद करा, वर "ब्लेड" असं ठळक लिहा आणि घंटागाडीवाल्या ताईंच्या किंवा दादांच्या हातात सांगून द्या.